मान्य वापर : कोणाला मान्य?

तीन इंग्रजी शब्दांनी मला एकदा आठवडाभर अडवून ठेवले होते. कृष्णाकाठच्या एका महाविद्यालयात मी संगणक प्रयोगशाळेचा प्रमुख होतो. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याकडून चार पानी इंग्रजी कागदावर सही घेतली जाई. त्या कागदाचे मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले. कागदाचे नाव होते ‘ॲक्सेप्टेबल यूज पॉलिसी’. ‘यूज’ आणि ‘पॉलिसी’ची अडचण नव्हती. वापर आणि धोरण हे शब्द तयारच होते. अडले ते पहिल्या शब्दापाशी. ‘योग्य वापर’ म्हणावे, तर योग्य-अयोग्य ठरवणारा कोणीतरी वर बसलेला दिसतो. ‘स्वीकार्य वापर’ हा शब्द सरकारी परिपत्रकाबाहेर कोणी उच्चारत नाही. ‘मान्य वापर’ जवळचा वाटला. पण मराठीत ‘मान्य’ म्हटले की लगेच पुढचा प्रश्न येतो : कोणाला? आमच्याकडे लग्नाची बोलणी असोत की ऊसदराची, ‘मान्य आहे’ हे दोन्ही बाजूंनी म्हणायचे असते. त्या कागदावर तर एकाच बाजूची सही होती.

आणखी एक कबुली द्यायला हवी. त्या कागदातली निम्मी कलमे मीच कधीकाळी दुसऱ्या संस्थांच्या कागदांवरून उतरवून घेतली होती. भाषांतर करायला बसलो तेव्हा ती पहिल्यांदा नीट वाचली. हे नियम मुळात आले कुठून, ते असे का झाले आणि सातारा-सांगलीच्या मातीत त्यांचे काय होते, याचा शोध तिथून सुरू झाला.

नियमाचे मूळ

आज इंटरनेट म्हणजे बाजार, करमणूक, बँक आणि कचेरी सगळे एकत्र आहे. पण या जाळ्याची मधली मोठी वाट सुरुवातीला विद्यापीठांसाठी टाकलेली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९८०च्या दशकात विद्यापीठांचे संगणक जोडणारे ‘एनएसएफनेट’ उभारले. पैसा जनतेचा होता, म्हणून अट घातली गेली : हे जाळे संशोधन आणि शिक्षणासाठी आहे, धंद्यासाठी नाही. ‘ॲक्सेप्टेबल यूज’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो याच अटीमुळे. म्हणजे हा नियम मुळात शिस्तीचा नव्हता. सार्वजनिक पैशातून झालेल्या गोष्टीचा लाभ कोणी घ्यावा, याचा तो नियम होता. धर्मशाळेच्या दारावर ‘फक्त यात्रेकरूंसाठी’ अशी पाटी असावी, तसा. एप्रिल १९९५ मध्ये एनएसएफनेट बंद झाले आणि जाळे व्यापारी कंपन्यांकडे गेले. पाटी लावणारी धर्मशाळा राहिली नाही. पाटी मात्र जगभरच्या विद्यापीठांनी आपापल्या दारावर लावून घेतली.

भारतातही तसेच झाले. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधनाचे जाळे सुरू झाले. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र अशा मोजक्या संस्था त्यात होत्या. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. त्याआधीची नऊ वर्षे भारतातले जाळे हे जवळजवळ प्राध्यापकांचे आणि संशोधकांचेच होते.

आमच्या भागात ते उशिरा पोचले. इथे शिक्षणाची मुळे जुनी आहेत. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९चे, वालचंद अभियांत्रिकी १९४७चे, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी १९६०चे. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि सातारा, सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले. २०२१ पासून साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठही आहे. पण खेड्यापाड्यांतल्या महाविद्यालयांना कायमची जोडणी मिळाली ती बहुतांशी २००९ नंतर, केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेत. त्या योजनेत विद्यापीठाला १ गिगाबिटची जोडणी होती, तर महाविद्यालयाला ५१२ किलोबिटच्या जास्तीत जास्त वीस.

हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून साधे गणित करू. ५१२ किलोबिटच्या जोडणीवर १ मेगाबाइटची फाइल उतरायला सुमारे १६ सेकंद लागतात, तेही एकच माणूस बसलेला असेल तर. चाळीस मुले एकाच वेळी बसली की प्रत्येकाच्या वाट्याला तेरा किलोबिटही येत नाहीत आणि तीच फाइल दहा मिनिटांवर जाते. आणि त्या चाळिसांतल्या एकाने सिनेमा उतरवायला लावला, तर उरलेल्या एकोणचाळीस जणांचे पान उघडतच नाही.

पाटाचे पाणी आणि तारेतले पाणी

हे सगळे मला समजावून सांगावे लागले नाही. मी दारे धरलेल्या घरातला आहे. पाटाचे पाणी एका वेळी सगळ्यांना मिळत नाही, त्याची पाळी असते. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने चारी जास्त वेळ उघडी ठेवली, तर शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचा शाळू वाळतो. वरच्याचा हेतू वाईट असतो असे नाही. त्याला खालचे शेत दिसत नाही, एवढेच. संगणकाच्या जाळ्यावरही दुसऱ्याचे अडकलेले पान आपल्याला दिसत नाही.

पाणीवाटपाचा या भागातला विचार साधासुधा नाही. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा धरण उभे केले. नदीतली वाळू विकून आणि लोकांच्या श्रमातून त्याचा खर्च भागवला. त्याहून महत्त्वाचे होते वाटपाचे तत्त्व : पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, कुटुंबावर वाटायचे, भूमिहीनालाही हिस्सा. पुढे नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखालच्या समन्यायी पाणीवाटपाच्या चळवळीने आटपाडी आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांत हाच आग्रह धरला.

विद्यापीठाच्या जाळ्यावर हा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. वाटप कशावर करायचे? पद पाहून केले तर प्राचार्यांच्या दालनात वेगवान जोडणी आणि वसतिगृहात थेंब. विभाग पाहून केले तर संगणकशास्त्राला भरपूर आणि मराठी विभागाला उरलेसुरले. जणू मराठीच्या विद्यार्थ्याला जुन्या नियतकालिकांची चित्रफाइल उतरवायची नसतेच. माणूस पाहून केले तर प्रत्येकाला सारखा कोटा, आणि ज्याला प्रबंधासाठी खरोखर जास्त लागते त्याने मागून घ्यायचे. आम्ही तिन्ही पद्धती वापरल्या. भांडणे सर्वांत कमी झाली ती तिसऱ्या पद्धतीत.

वारणेच्या खोऱ्यातला एक अनुभवही इथे आठवतो. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या आधाराने कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. शेतीची सर्व प्रकारची माहिती शेतकऱ्याला मिळावी, अशी कल्पना होती. शेतकऱ्यांनी त्याचा उपयोग मुख्यतः उसाचे वजन, तोडणी आणि खाते पाहण्यासाठी केला. पुढे संशोधकांनी त्यातले काम संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशांवर करून पाहिले आणि ते चालले. नियम आणि योजना लिहिणारा जाळ्याचा उपयोग एक ठरवतो. वापरणारा आपल्या गरजेप्रमाणे दुसराच ठरवतो.

मोटरची किल्ली

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो सांगतो.

आमच्या कागदात एक कलम होते : विद्यार्थ्याने आपला पासवर्ड कोणालाही देऊ नये, त्याच्या खात्यावरून जे घडेल त्याला तोच जबाबदार. पहिल्या उल्लंघनाला खाते एक सत्र बंद. हे कलम मी लिहिले होते.

एका नोव्हेंबरमध्ये वसतिगृहातल्या एका खात्यावरून एका रात्रीत चाळीस गिगाबाइटचा उपसा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेचे अर्ज भरायला बसलेल्या मुलांना पान उघडेना. मी नोंदी काढल्या, खाते सापडले, कलम लावले. मुलगा जत तालुक्यातला, दुसऱ्या वर्षाला. त्याने काही वाद घातला नाही. खाते बंद झाले आणि त्याबरोबर त्याचा महाविद्यालयाचा ईमेलही बंद झाला, कारण दोन्हींची किल्ली एकच होती.

जानेवारीच्या अखेरीस कळले की त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज एका दाखल्याच्या त्रुटीमुळे परत आला होता. कार्यालयाने तशा सगळ्या मुलांना महाविद्यालयाच्या ईमेलवर कळवले होते. त्याला तो मेल दिसलाच नाही. मुदत संपून गेली होती. त्या वर्षी त्याने कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी धरली. हजेरी कमी पडली. पदवी एक वर्ष उशिरा झाली.

नंतर एकदा मी त्याला विचारले, “पासवर्ड का दिलास?” तो म्हणाला, “सर, खोलीत पहिल्या वर्षाची दोन पोरं होती. त्यांची खाती अजून निघाली नव्हती. गावाकडं कुणी मोटरची किल्ली मागितली तर आपण नाही म्हणतो का?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पण नियम मूर्खपणाचा होता, असेही मी म्हणणार नाही. त्यामागे एक यंत्रणा आहे, ती समजून घ्यायला हवी.

महाविद्यालयात शेकडो यंत्रे असतात, पण बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता बहुधा एकच दिसतो, संस्थेचा. पत्रावर फक्त गावाचे नाव असावे आणि घर पोस्टमनला ठाऊक असावे, तसे. आतल्या कोणत्या यंत्राने, कोणत्या खात्यावरून, किती वाजता, कुठे विचारणा केली आणि किती माहिती आत आली, हे फक्त संस्थेच्या नोंदवहीत असते. या वहीला ‘लॉग’ म्हणतात. उद्या त्या पत्त्यावरून कोणी एखाद्या मुलीला धमकी दिली किंवा कोणाच्या बँक खात्यात शिरण्याचा प्रयत्न केला, तर पोलीस संस्थेच्याच दारात येतात. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने दुसऱ्याच्या संगणकात विनापरवाना शिरणे हा गुन्हा ठरवला आहे. त्या वेळी वहीतले नाव खरे असले पाहिजे. किल्ली हातोहात फिरली की निरपराध माणूस अडकतो. मोटरच्या किल्लीने फार तर वीजबिल वाढते. पासवर्डच्या किल्लीने दुसऱ्याचे कृत्य आपल्या नावावर चढते. मी हे त्या मुलाला आधी सांगायला हवे होते. कलमात ‘देऊ नये’ होते, ‘का’ नव्हते.

चूक शिक्षेतही होती. दहा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेचे कार्ड काढून घेणे म्हणजे गेम आणि गप्पा बंद, इतकेच होते. आज परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, शिष्यवृत्ती, नोकरीचे बोलावणे हे सगळे त्याच तारेतून येते. एखाद्याने पाळी मोडली म्हणून गाव त्याचे शेतीचे पाणी एक आवर्तन तोडील; प्यायचे पाणी तोडणार नाही. आम्ही दोन्ही एकाच तोटीवर ठेवले होते.

नियमातले शब्द

आमच्या कागदात आणखी एक कलम होते : ‘आक्षेपार्ह किंवा इतरांना त्रासदायक’ मजकूर पाठवण्यास मनाई. हे शब्द कुठे तरी वाचल्यासारखे वाटत होते. ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ या कलमातल्या शब्दांचे भाऊबंद निघाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना, मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते ‘लाइक’ केल्याबद्दल अटक झाली. त्या प्रकरणानंतर कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात न्यायालयाने ६६-अ कलम घटनाबाह्य ठरवले. कारण एका वाक्यात सांगायचे, तर ‘त्रासदायक’ म्हणजे काय हे कोणालाच आधी सांगता येत नाही. त्यामुळे माणूस बोलायच्या आधीच गप्प बसतो. संसदेने केलेल्या कायद्यातून गेलेले शब्द आमच्या कागदात मात्र सुखाने नांदत होते. सही करणाऱ्यांनी ते वाचले नव्हते आणि लिहिणाऱ्याने निकाल वाचला नव्हता.

वसतिगृहांचे नियम असेच तपासले गेले आहेत. केरळात कोळिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाने मुलींच्या वसतिगृहात ठरावीक तासांत मोबाइल वापरण्यास बंदी घातली होती. एका विद्यार्थिनीने ती पाळायला नकार दिला आणि तिला वसतिगृह सोडावे लागले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला आणि इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. शिस्त हवीच, पण शिस्तीच्या नावाखाली ज्ञानाची वाट बंद करता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

उलट्या बाजूचे उदाहरणही ध्यानात ठेवावे असे आहे. ग्रंथालये संशोधन-नियतकालिकांसाठी वर्गणी भरतात, तेव्हा प्रकाशकाची अट असते की लेख एकेक करून वाचावेत, गठ्ठ्याने उतरवू नयेत. अमेरिकेत ॲरन स्वार्ट्झ या तरुणाने एमआयटीच्या जाळ्यावरून ‘जेस्टोर’चे लाखो लेख उतरवले. २०११ मध्ये त्याला अटक झाली, गंभीर फौजदारी आरोप लागले. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याने जीवन संपवले. ‘वापराची अट मोडली’ आणि ‘गुन्हा केला’ यांतले अंतर किती ठेवायचे, हा प्रश्न त्यानंतर जगभर विचारला गेला. भारताने जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुरू करून सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली केली आहेत. वाट रुंद झाली की चोरवाटा आपोआप कमी होतात. गठ्ठ्याची अट मात्र विद्यार्थ्याला आधी सांगितलीच पाहिजे. कारण एकाने ती मोडली तर प्रकाशक अख्ख्या संस्थेची वाट बंद करू शकतो.

भोंगा आणि कळ

जाळे बंद करण्याच्या दोन पद्धती आमच्याच दोन जिल्ह्यांनी एका वर्षाच्या अंतराने पाहिल्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त होऊन दंगल झाली. एका माणसाचा जीव गेला. प्रशासनाने सातारा जिल्ह्यातली इंटरनेट सेवा बंद केली. अफवा पसरू नयेत हा हेतू समजण्यासारखा आहे, आणि गेलेल्या जिवापुढे तक्रार करणेही अवघड आहे. पण कळ एकच असते. ती दाबली की अफवा पसरवणारा, औषधाची चौकशी करणारा आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला बसलेला विद्यार्थी सगळे एकाच अंधारात जातात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०च्या अनुराधा भसीन निकालात सांगितले की असा आदेश जाहीर केला पाहिजे, तो बेमुदत असू नये आणि गरजेपेक्षा मोठा असू नये. कळ ज्याच्या हाती आहे, त्यालाही नियम आहे.

दुसरी पद्धत त्याच्या वर्षभर आधीची, सांगली जिल्ह्यातली. कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव हे तीन हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरल्या, मुलांच्या हाती फोन आले. शाळा पुन्हा सुरू झाल्या तरी ते हातातून सुटेनात. ऑगस्ट २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर महिलांच्या सभेत विषय निघाला आणि ठरले की देवळावर भोंगा लावायचा. संध्याकाळी सात वाजता तो वाजेल. साडेआठला पुन्हा वाजेल. मधला दीड तास घरातला टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे किंवा बोलत बसावे. आशासेविका, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन सांगत होते. सुरुवातीला लोक हसले. मग भोंग्याची सवय झाली. देशभरच्या आणि परदेशातल्याही वार्ताहरांनी त्या गावाची दखल घेतली.

त्या भोंग्याला कायद्याचा आधार नव्हता. तो कोणाचे जाळे तोडत नव्हता, कोणाच्या फोनमध्ये डोकावत नव्हता. तरीही तो ऐकला गेला. मला त्याची तीन कारणे दिसतात. नियम सभेत झाला. तो मुलांइतकाच बापालाही लागू होता. पोराला ‘फोन ठेव’ म्हणणाऱ्याला आपलाही ठेवावा लागे. आणि त्याला सुरुवात होती तसा शेवटही होता. साडेआठनंतर कोणी विचारणारे नव्हते.

हे या मातीत नवे नाही. सातारा आणि सांगली हा एकच जिल्हा होता, त्या काळात प्रतिसरकारने गावोगाव लोकांची न्यायमंडळे चालवली. त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. तिथे मुले स्वतः राबत, स्वतः रांधत आणि एका पंगतीत जेवत. अशा घरात नियम वरून येऊन भिंतीवर चिकटत नाही. जो पाणी भरतो त्याला ते सांडू नये असे आपोआपच वाटते.

पुन्हा तो कागद

मराठी भाषांतर मी पूर्ण केले नाही. त्याऐवजी संस्थेला विनंती केली की कागद नव्याने लिहू आणि लिहिताना चार विद्यार्थी बसवू. थोड्या कुरबुरीनंतर ते झाले.

मुले ढिले नियम मागतील, अशी आमची भीती होती. तसे झाले नाही. परीक्षा-अर्जांच्या आठवड्यात सकाळी दहा ते पाच कोणीही चित्रफिती पाहू नयेत आणि मोठे उपसे रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात करावेत, हे कलम मुलांनीच सुचवले. त्याला त्यांनी नाव दिले ‘रात्रीची पाळी’. गावाकडे थ्री-फेज वीज रात्रीच येते, त्यामुळे त्याचा अर्थ कोणाला समजवावा लागला नाही.

पासवर्डच्या कलमावर एका मुलीने विचारले, “पण मागायची वेळच का येते?” त्यावरून ठरले की प्रवेशाच्या दिवशीच तात्पुरते खाते द्यायचे. पुढच्या वर्षी किल्ली मागण्याचे प्रकार जवळपास थांबले. शिक्षा पायऱ्यांची केली : आधी समज, मग वेग कमी, मग काही दिवस खाते बंद. ईमेल, परीक्षा, शिष्यवृत्ती आणि ग्रंथालय मात्र कोणत्याही शिक्षेत बंद होणार नाहीत, असे पहिल्याच परिच्छेदात लिहिले. ‘आक्षेपार्ह’ आणि ‘त्रासदायक’ हे शब्द काढून धमकी, पाळत, दुसऱ्याचे खासगी छायाचित्र पसरवणे, दुसऱ्याच्या नावाने लिहिणे अशी कृत्ये नावानिशी घातली.

मग शेवटच्या बाकावरच्या मुलाने प्रश्न टाकला. “सर, आमची वही तुम्ही बघता. ती बघायला तुम्हाला परवानगी कोण देतं?”

खोलीत शांतता झाली. इतकी वर्षे मी ती वही उघडत आलो होतो. आता बहुतेक संकेतस्थळांची पाने झाकलेली असतात. नोंदवहीला आतला मजकूर दिसत नाही, स्थळाचे नाव तेवढे दिसते. पण नावही पुरेसे असते. कोणी रात्री दोन वाजता नैराश्यावरच्या स्थळावर जातो, कोणी एखाद्या आजाराच्या, कोणी दुसऱ्या धर्मातल्या विवाहाच्या कायद्याच्या. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने नोंदी १८० दिवस जपण्याचे निर्देश काढले, त्याला सुरक्षेचे कारण आहे. जपणे वेगळे आणि वाचत बसणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. त्या कायद्यातली संमती मोकळ्या मनाने आणि समजून दिलेली असावी लागते. प्रवेशाच्या रांगेत, मागचा माणूस ढकलत असताना चार पानी इंग्रजी कागदावर केलेली सही या व्याख्येत कशी बसवायची?

आम्ही कलम लिहिले : कोणत्याही एका व्यक्तीची नोंद पाहायची तर लेखी कारण हवे, दोन सह्या हव्यात, आणि पोलिसांनी गुप्ततेचा आदेश दिलेला नसेल तर त्या व्यक्तीला आठ दिवसांत कळवले पाहिजे. त्या दोन सह्यांपैकी एक माझी नसावी, असे मीच सुचवले.

नवा कागद दोन पानांचा झाला. प्रत्येक नियमाखाली एक ओळ कारणाची. खाली दोन सह्यांच्या जागा : एक विद्यार्थ्याची, एक संस्थेची. शीर्षकाला ‘मान्य वापर’ हेच ठेवले. जतच्या त्या मुलाला मी एक प्रत पाठवली. तेव्हा तो पुण्यात नोकरीला होता. त्याने दोन ओळींचे उत्तर पाठवले. पहिल्या ओळीत कागद चांगला झाल्याचे लिहिले होते. दुसऱ्या ओळीत विचारले होते, की ज्यांना मराठी वाचता येत नाही, त्या आमच्या जतच्या कानडी पोरांसाठी कानडीत केला आहे का?

केला नव्हता. आता ते काम हाती घेतले आहे.